बालेन्तिनचा वाकडा दस्ता

दिनांक २ जून १९८९, शुक्रवार. आमच्या शिकारी मंडळाच्या समितीने माझा १२ मेचा अर्ज फेटाळला. बंदुकीचे दस्ते घडवणारे कारागीर बालेन्तिन एगिगुरेन यांच्याविरुद्ध मी गेल्या ऑक्टोबरात केलेली तक्रार चुकीची होती. ती तक्रार आणि तिच्या आधारे झालेला ठराव, दोन्ही रद्द करावे, एवढीच माझी मागणी होती. समितीचे उत्तर दोन ओळींचे आहे: ‘निकाली निघालेली तक्रार मागे घेता येत नाही. प्रकरण बंद.’ तक्रार स्वीकारताना बंदूक हातात धरून पाहण्याची तसदी समितीतल्या एकानेही घेतली नव्हती. ती मागे घेण्याची वेळ आली तेव्हा मात्र सगळ्यांना नियम पाठ होते. म्हणून मी हे प्रकरण मंडळाच्या पत्रिकेतून सभासदांपुढे ठेवत आहे.

एगिगुरेन यांना ओळखत नाही असा सभासद आपल्यात नाही. बंदुकांसाठी नावाजलेल्या आपल्या एइबार गावच्या उभ्या, चिंचोळ्या इमारतींत एकावर एक कारखाने रचलेले होते, त्या काळात ते चौदाव्या वर्षी एका चौथ्या मजल्यावर कामाला लागले. आज एकाहत्तराव्या वर्षीही ते त्याच खिडकीशी बसतात. खालचे तिन्ही मजले ओस पडले आहेत. दिव्याच्या काजळीने लोखंड काळे करायचे, ते अक्रोडाच्या लाकडात दाबायचे, लाकडावर जिथे काळे उमटेल तिथे कागदाच्या जाडीएवढे तासायचे आणि पुन्हा दाबायचे. लोखंड आणि लाकूड यांच्यात केस शिरणार नाही तोवर हेच. बंदुकीवर कंपनीचे नाव सोन्यात उमटते, नक्षी करणारा आपली सही पानाफुलांत दडवतो. दस्ता घडवणाऱ्याचे नाव मात्र कुठेच नसते. दर सप्टेंबरच्या दुसऱ्या रविवारी ते मंडळाच्या टेबलाशी बसत आणि प्रत्येक सभासदाची बंदूक त्यांच्या हाताखालून जाई. एकोणीस वर्षे हे चालले. त्यांनी न पाहिलेली बंदूक घेऊन रानकबुतरांच्या खिंडीत उभे राहणे आम्हाला हात न धुता जेवायला बसण्यासारखे वाटे.

मी नगरपालिकेत भूमापक आहे. मोजमाप हा माझा व्यवसाय असल्यामुळे दुसऱ्याच्या अंदाजावर विश्वास ठेवण्याची मला सवय नाही. बावीस हंगाम मी त्या खिंडीत उभा राहिलो आणि बावीस हंगाम माझी कबुतरे इतरांपेक्षा कमीच पडली. मी काडतुसे बदलली, छर्ऱ्यांचा आकार बदलला, उभे राहण्याची जागा बदलली. मंडळाचे अध्यक्ष ओदियागा जेवणाच्या टेबलावर सर्वांदेखत माझ्याबद्दल म्हणत, “डॉन लोरेन्सो उभे असतात तिकडूनच कबुतरं जातात. त्यांना ठाऊक आहे, ती वाट सुरक्षित आहे.” शेवटी दोष वडिलांच्या जुन्या बंदुकीचा, असा निष्कर्ष मी काढला आणि गेल्या वर्षी हंगामापूर्वी एक चांगली, जुन्या घडणीची दुनळी बंदूक घ्यायचे ठरवले. निवडीसाठी एगिगुरेन यांना सोबत नेले.

दुकानात त्यांनी तीन बंदुका बाजूला काढल्या. प्रत्येकीच्या नळ्या सुट्या करून दोरीला टांगल्या आणि बोटाच्या पेराने टकटक केली. तिन्ही देवळाच्या घंटेसारख्या वाजल्या. नळ्यांतून खिडकीचा उजेड पाहिला. पुढचे लाकूड काढून बंदूक हलवली, सांध्यात जराही खडखड नव्हती. मग बंदूक रिकामी आहे ना हे दोनदा तपासून ती माझ्या हाती दिली, स्वतः नळीच्या तोंडासमोर चार पावलांवर उभे राहिले आणि मला डोळे मिटून ती खांद्याला लावायला सांगितले. लावली. डोळे उघडायला सांगितले. उघडले. ते बराच वेळ नळीवरून माझ्या चेहऱ्याकडे पाहत राहिले आणि म्हणाले, “ही नको.”

दुसरीही नको. तिसरीही नको.

तिसरी बंदूक मला मनापासून आवडली होती. दुकानदारही बुचकळ्यात पडला होता, निदान तसे दाखवत तरी होता. मी कारण विचारले. एगिगुरेन म्हणाले, “बंदुकीत खोट नाही.” मग नको का, यावर त्यांनी बंदूक दुकानदाराच्या हाती परत दिली. मी किमतीची चौकशी करत असताना ते दुकानदाराशी हलक्या आवाजात काही बोलले आणि दुकानदाराने माझ्याकडे चोरटी नजर टाकली. ती नजर मी मनात नोंदवून ठेवली. खोट नसलेल्या तीन बंदुका जो माणूस नाकारतो, त्याच्या मनात चौथी बंदूक आधीच ठरलेली असते. असे मला तेव्हा निःसंशय वाटले.

बाहेर पडल्यावर ते जिन्यापाशी थांबले. “तुम्ही एकदा एकटे या वर,” ते म्हणाले. “दार लावून बोलू.”

ज्याला दार लावून बोलायचे असते त्याच्या बोलण्यात दलाली असते, हे नगरपालिकेत बावीस वर्षे काढलेल्या माणसाला कुणी शिकवावे लागत नाही. मी गेलो नाही.

तीन आठवड्यांनी त्यांनीच निरोप धाडला. चौथ्या मजल्यावर, खिडकीशी, एक बंदूक कापडात गुंडाळून ठेवली होती. त्यांनी कापड उलगडले. नळ्या चांगल्या होत्या, साध्या, नक्षी नसलेल्या. अक्रोडाचे लाकूड तर असे होते की जुन्या कारागिरानेही ते वर्षानुवर्षे जपून ठेवावे. पण दस्ता मुठीपासूनच उजवीकडे झुकला होता, कुत्र्याच्या मागच्या तंगडीसारखा. सगळेच दस्ते किंचित झुकतात, हे मला माहीत आहे. हा किंचित नव्हता. ओल्या भिंतीला वर्षभर टेकून ठेवलेली फळी वाकावी तसा तो वाकला होता.

“नळ्या माझ्या बहिणीच्या, फेलिसाच्या घरच्या,” ते म्हणाले. “तिचा नवरा गेल्यापासून पडून होत्या. दस्ता नवा.”

म्हणजे बहिणीच्या घरातला निकामी माल. त्यांनी हे आपण होऊन सांगितले यातही मला डावच दिसला: पुढे उघड होणारी गोष्ट शहाणा माणूस आधीच सांगून टाकतो. हा दस्ता वाकडा आहे, असे मी म्हटले.

“आहे,” ते म्हणाले. “डोंगरावर जाऊन दोन बार झाडा आणि मग बोला.”

मी वाकडी वस्तू झाडून पाहत नसतो, असे सांगून मी जिना उतरलो. ३ ऑक्टोबरला मी समितीकडे लेखी तक्रार दिली. तिच्यात तीन मुद्दे होते: निर्दोष बंदुका कारण न देता नाकारणे, नातेवाइकाचा सदोष माल माथी मारण्याचा प्रयत्न, आणि दार लावून बोलण्याचे आमंत्रण. तक्रार चांगली लिहिलेली होती. आज ती वाचताना मला त्याचीच सर्वांत जास्त शरम वाटते.

१० ऑक्टोबरला समिती बसली. ओदियागांनी विचारले, दस्ता इतका वाकडा का. एगिगुरेन म्हणाले, “मापानं केला.” कुणाच्या मापाने, हा पुढचा प्रश्न होता. त्यांनी माझ्याकडे पाहिले. मी नजर रोखून धरली, कारण मला वाटले की आता ते मला गोवणार. त्यांनी नजर समोरच्या टोपीवर नेली. ओदियागांनी तोच प्रश्न तीनदा विचारला. तिसऱ्यांदा एगिगुरेन यांनी टोपी उचलली, डोक्यावर ठेवली आणि निघून गेले. समितीने ते मौन कबुलीजबाब म्हणून लिहून घेतले, सप्टेंबरच्या तपासणीचे काम त्यांच्याकडून काढून घेतले आणि ‘विश्वासास अपात्र’ हे दोन शब्द ठरावात घातले. ते शब्द माझ्याच तक्रारीतून उचललेले आहेत. त्यानंतर त्या चौथ्या मजल्यावर कुणी बंदूक घेऊन चढले नाही.

दुकानातली तिसरी बंदूक मी विकत घेतली. हंगामभर खिंडीत उभा राहिलो. कबुतरे सुखरूप निघून गेली. ओदियागांनी नवा विनोद रचला: माझ्यासमोरून जाणाऱ्या कबुतरांना विमा कंपन्या हप्ता माफ करतात.

फेब्रुवारीत पावसात मी बर्गाराच्या रस्त्याची मोजणी करत होतो. संध्याकाळी घरी येऊन पंचाने तोंड पुसत होतो, तेव्हा माझी पत्नी बेगोन्या घेवडा ढवळता ढवळता म्हणाली, “डावा डोळा अजून काळाच आहे.” मोजणीच्या दुर्बिणीच्या रबराचा काळा डाग पाऊस असला की डोळ्याभोवती उतरतो. मी म्हटले, होतं कधी कधी. ती म्हणाली, “कधी कधी नाही. लग्न झाल्यापासून बघते आहे. नेहमी डावाच. उजव्या डोळ्याला तू कामाला लावतोस तरी कधी?”

मी पंचा खाली ठेवला. मग खिडकीशी गेलो, दोन्ही डोळे उघडे ठेवले आणि चर्चच्या मनोऱ्यावर बोट धरले. उजवा डोळा मिटला. बोट मनोऱ्यावर जागच्या जागी. डावा मिटला; बोट थेट बेकरीच्या छपरावर. पुन्हा केले, आणखी पाच वेळा केले. ज्या माणसाचा डावा डोळा धनी आहे, म्हणजे नेम तोच धरतो, आणि जो बंदूक उजव्या खांद्याला लावतो, त्याचा प्रत्येक बार पाखराच्या डावीकडून जातो. हे मी आयुष्यभर दुसऱ्यांना समजावून सांगू शकलो असतो. डोळा न मिटता आणि खांदा न बदलता अशा माणसासाठी एकच उपाय असतो: दस्ता इतका वाकवायचा, की खांदा उजवा राहावा आणि नळी डाव्या डोळ्यासमोर यावी.

दुसऱ्या दिवशी मी चौथ्या मजल्यावर गेलो. भिंतीवर खिळ्यांना कागदी नमुने लटकत होते, शेकडो दस्त्यांचे, आणि प्रत्येकावर आकडे होते. एकाही कागदावर नाव नव्हते. इतक्या वर्षांत ते मी कधी निरखून पाहिले नव्हते. मी विचारले, नावे का नाहीत.

“हा एक खांद्यानं तिरका,” ते नमुन्यांकडे न पाहताच म्हणाले. “तो काचेच्या डोळ्याचा. त्या पलीकडच्याची मान वळत नाही. गिऱ्हाइकाचं व्यंग लाकडात जातं, डॉन लोरेन्सो. तोंडात येत नाही. माझ्या उस्तादानं पहिल्या दिवशी एवढंच शिकवलं, तासणं नंतर.”

मी विचारले, समितीपुढे तरी का सांगितले नाही.

“डोळा तुमचा. ओदियागाच्या टेबलावर तो मी कसा ठेवू? त्याला वर्षभराचे विनोद मिळाले असते. तुम्हाला एकट्याला सांगणार होतो. तुम्ही आला नाहीत. दुकानदारालाही एवढंच म्हणालो होतो, यांना आज काही विकू नका.”

बंदूक दाराआड होती, त्याच कापडात. ती दुसऱ्या कुणाच्याही उपयोगाची नव्हती. एका शरीरासाठी केलेला दस्ता दुसऱ्याला लागत नाही. तीन आठवड्यांचे काम आणि ते लाकूड चार महिने तिथे उभे होते. त्यांनी ती दोनदा तपासली, माझ्या हाती दिली आणि चार पावलांवर जाऊन उभे राहिले. मी डोळे मिटले, खांद्याला लावली, उघडले. नळीच्या टोकावरचा पितळी मणी माझ्या डाव्या डोळ्यासमोर होता आणि त्याच्या बरोबर मागे बालेन्तिन एगिगुरेन यांचा चेहरा.

“ही,” ते म्हणाले. नंतर म्हणाले की पहिल्या वर्षी लाकूड हलते, सप्टेंबरात परत आणा.

मी माफी मागायला सुरुवात केली, तेव्हा त्यांनी तासणी उचलली. सप्टेंबरच्या तपासणीला याल का, असे मी विचारले. “टेबल लावलं तर येईन. भाषण ठेवलं तर नाही.”

ठरावात ‘विश्वासास अपात्र’ हे शब्द आजही त्यांच्या नावापुढे आहेत आणि समिती म्हणते, प्रकरण बंद. माझे व्यंग मी वर स्वतःच्या हाताने लिहिले आहे. ओदियागांनी त्याचे काय विनोद करायचे ते करावेत. समितीला अर्ज करून झाले. आता मी सभासदांना सांगतो. रविवार, १० सप्टेंबर, सकाळी दहा वाजता मंडळात या. तो ठराव रद्द करण्यासाठी हात वर करा. मग आपली बंदूक त्यांच्या टेबलावर ठेवा आणि रांगेत उभे राहा.