पश्चिमेची सही

कोंबड्यांचं शेड टाकायचं तर शेजाऱ्यांना विचारावं लागतं, हे ठाऊक होतं. इतकं विचारावं लागतं, हे ठाऊक नव्हतं. ग्रामपंचायतीत सांगितलं, तुमच्या रानाला लागून ज्यांची जमीन आहे त्या सगळ्यांना नोटीस जाईल, प्रत्येकाची 'हरकत नाही' म्हणून सही आणा, मग परवानगीचं बघू. दिशा चार आणि शेजारी पाच, आमच्या भावकीच्या वाटण्याच तशा.

पहिल्या चौघांनी जीव खाल्ला माझा. पूर्वेचा म्हणतो, वास येईल. ज्याच्या गोठ्यावरून नाक धरून जावं लागतं, तो मला वासाचं सांगणार! पण सही हवी होती, म्हणून गप चहा पिऊन उठलो. उत्तरेचा धाराशिवला राहतो. येरमाळ्याला जाऊन तिथून एसटीनं दोन खेपा केल्या, तेव्हा कुठं सापडला. दक्षिणेच्या दोघा भावांचं आपसात बोलणं नाही. एकानं केली म्हणून दुसरा सही करीना. शेवटी दोघांना दोन वेगळे कागद दिले, तेव्हा मिटलं.

पश्चिमेला माझी चुलती. आई रानात गेली की मी काकूंच्याच चुलीपुढं जेवायचो. चुलता गेल्यापासून त्या एकट्याच असतात. त्यांची सही काय, घरातलीच, कधीही मिळेल म्हणून मी त्यांना शेवटी ठेवलं. तिथंच माती खाल्ली. मी जायच्या आधी नोटीस जाऊन पोचली.

दोन दिवसांनी गेलो तर काकू उंबऱ्यात बसलेल्या. एरवी पाय ठेवायच्या आत 'जेवलास का' विचारणाऱ्या, त्या दिवशी नुसत्या बघत राहिल्या.

"शिपाई आलता," त्या म्हणाल्या. "तुझ्या नावाचा कागद हाय म्हणला."

कागद त्यांनी देव्हाऱ्यात ठेवला होता. चुलत्याची बांधाची केस धाराशिवच्या कोर्टात वर्षानुवर्षं चालली. त्या घरात शिक्क्याचा कागद यायचा तो तारखेचाच. मला हे माहीत नव्हतं का? चांगलं माहीत होतं. पण सह्यांसाठी हिंडून हिंडून डोकंच चालेना झालं होतं.

मी शेजारी बसलो. म्हणलं, काकू, ही केस न्हाय. मी माझ्या रानात शेड बांधणार, त्याला तुमची हरकत न्हाय एवढंच लिहून द्यायचंय. तुमच्या जमिनीला कुणी हात लावत न्हाय.

"व्हय," त्या म्हणाल्या.

कळलं ना?

"व्हय, व्हय."

त्यांनी चष्मा मागितला. सही येते त्यांना, एकेक अक्षर दाबून काढतात. मी बोटानं जागा दाखवली. हात जरासुद्धा थरथरला नाही. सुटलो बाबा एकदाचा, असं मनात म्हणत मी कागदाची घडी घातली आणि उठलो.

"एक सांगू का?" काकू म्हणाल्या. "ज्वारी आता हुरड्यात हाय. तेवढी काढून घेऊ दे मला. मग वावर तुझंच."

मला आधी कळेचना.

"तुझ्या चुलत्यानं लई भांडून राखलं. पण तू मागतूस तर घे, माझं काय राहिलंय आता. फकस्त कोर्टात नको नेऊस बाबा. मला एसटीत चढणं हुत न्हाय."

इतका वेळ त्यांना मी हेच का समजावत होतो? त्यांनी वावर देऊन टाकलं होतं, सही करून, मला, आणि वर ज्वारीपुरती मुदत मागत होत्या. लाज वाटली मला. मी परत खाली बसलो, कागद उलगडला, आणि पहिल्या ओळीपासून वाचून दाखवायला लागलो. काकू माझ्याकडं बघत प्रत्येक ओळीला 'व्हय, व्हय' म्हणत राहिल्या.