मासळीचं पाणी आणि एक्झोरा

मी नवी मुंबईत सीवूड्समधल्या एका सोसायटीत माळी आहे. गेटजवळ शेजारच्या सारसोळे गावातली एक मावशी सकाळी मासळी विकायला बसते. तिचं नाव मी कधी विचारलं नाही, ना तिने माझं. ती मला माझ्या जिल्ह्याच्या नावानंच हाक मारते. "ए जालना, हे झाड रुसलंय बघ."

तिचं बोलणं म्हणजे हुकूमच. मासळी संपली की ती पाटी धुते आणि ते पाणी कुंपणालगतच्या बुटक्या एक्झोरांना घालते. विचारणं वगैरे नाही. झुडपं जेमतेम गुडघ्याएवढी, पण बारा महिने फुलांनी लालभडक. कौतुक मात्र माझ्या वाट्याला येतं.

मागच्या आठवड्यात वासाची तक्रार झाली. सेक्रेटरीसाहेब मला गेटपाशीच म्हणाले, "काय घालतोस रे झाडांना? उद्यापासून येऊ नकोस." माझी शाळा सातवीतच सुटली, साहेबलोकांपुढे तोंड उघडत नाही. त्यात राहायची खोलीही सोसायटीचीच.

हातातलं पापलेट गिऱ्हाइकापुढे तसंच टाकून मावशी उठली. "त्याला कशाला बोलता? पानी मी घातलं. वास माझा हाय. उठवायचं तर मला उठवा."

साहेबांच्या घरची सुरमईही तिच्याकडूनच जाते. "पुन्हा वास यायला नको," एवढंच बोलून ते गेले. माझ्या जिवात जीव आला.

"बघत काय ऱ्हायलास, जालना? मुळाशी खड्डा खन. पानी त्यात ओतू, वर माती लोटू."

मी हसतच कुदळ आणायला गेलो.