गोठवलेल्या दह्याचे मार्क

नोकरीभर मी कापसाला नावं ठेवली. मानवतच्या एका खरेदी केंद्रावर ग्रेडर होतो. गाडीत हात घालून मूठभर कापूस उपसायचा, चिमटीत धागा ओढून लांबी बघायची, ओल बघायची, किडक्या बोंडाचा पिवळा कापूस किती आलाय ते बघायचं आणि प्रत ठरवायची. समोरचा कितीही गयावया करू दे, माझ्या कपाळावरची आठी हलायची नाही. ही आठी केंद्रावर ठेवून घरी यावं, एवढी अक्कल मला नव्हती. ताटावर बसलो की पहिला घास घेऊन मी थांबायचो आणि बायको स्वयंपाकघराच्या दारातून माझ्याकडं बघायची. वरण पातळ, भाकरी जाड, दही आंबट. चांगलं झालं असलं तर काही बोलायचो नाही. न बोलणं हीच माझी पहिली प्रत.

मी निवृत्त झाल्यावर दोन वर्षांनी तिच्या गालात आतून गाठ निघाली. ऑपरेशन झालं, मग रेडिएशन. तोंड सोलून निघालं. डॉक्टर म्हणाले, चव गेलीय, सहा महिन्यांत हळूहळू येईल. एखाद्याची येतही नाही. तोवर गार, मऊ, जे जाईल ते द्या.

काय जातं त्याचा शोध परभणीत एका नव्या काचेच्या दुकानात लागला. पाटीवर ‘फ्रोझन योगर्ट’ लिहिलं होतं. म्हणजे काय, असं मालकाला विचारलं.

“दहीच हाय काका, पण मशिनीतलं.”

तिनं अर्धा कप खाल्ला. आठवडाभरात एवढं तिच्या पोटात गेलं नव्हतं. मी हरखून विचारलं, “दहापैकी किती मार्क?”

हसताना तिचा गाल ओढायचा, तरी ती हसली. “सहा द्या.”

त्या सहानं मला वेड लावलं. मार्क देता येतात म्हणजे काहीतरी कळतंय. मग दर आठवड्याला नवं दुकान हुडकायचं आणि मार्क चढतात का बघायचं, असं मी ठरवून टाकलं. एक वही केली. गोडी, आंबटपणा, गारवा असे रकाने आखले; आंबट निघालं की दोन मार्क कापायचे, हा माझा नियम. तिच्या तोंडाला रुमाल बांधून तिला स्कूटीवर मागं बसवायचं आणि निघायचं. लग्नाला चौतीस वर्षं झाली होती, पण नुसतं खायला म्हणून मी तिला कुठं नेलं नव्हतं.

मानवतला सरकी-पेंडीच्या दुकानात एकानं हे मशीन टाकलं होतं. पेंडीचं पोतं उतरवायचा, हात झटकायचा आणि कप भरायचा. दह्याला पेंडीचा वास. मी मनात चार म्हटलं, ती म्हणाली साडेचार. सेलूला झेरॉक्सच्या दुकानात मिळालं. तेही कशाची तरी फिकट कॉपीच होती. वालूरला मात्र एक बाई म्हशीच्या दह्यात गूळ घालून स्टीलच्या पेल्यात गोठवायची. पेला क्षणभर पाण्यात बुडवला की दह्याचा गोळा सुटून बशीत उभा राहायचा. माझ्या तोंडून ‘वा’ निघून गेलं. तिनं आठ दिले.

झोंबायला नको म्हणून पहिला चमचा दरवेळी मी घ्यायचो, मग ती. आमचे मार्क अर्ध्याच्या वर कधी हुकले नाहीत. तिची जीभ परत येतेय, असं मी गल्लीत ज्याला त्याला सांगत सुटलो.

पिंगळीला स्टेशनजवळ एक नवरा-बायको टपरीवर दही गोठवून विकतात, असं कळलं. गेलो. कप हातात आले आणि माझा फोन वाजला. मुलीचा होता. आवाज तुटत होता म्हणून मी जरा लांब मोकळ्यावर गेलो. बोलत परत आलो, तर हिनं निम्मा कप संपवलेला.

“लय छान हाय,” ती म्हणाली. “गोडी बेताची. साडेआठ लिहा.”

मी ते तसंच फोनवर मुलीला सांगितलं. ती तिकडं रडायलाच लागली. मी फोन ठेवला आणि माझ्या कपातला चमचा तोंडात घातला. मीठ आणि जिऱ्याची पूड. साखरेचा कण नव्हता.

दुकानदारीण फडकं घेऊन बाकडं पुसायला आली. “खारं दही आवडलं का मावशी? आमी गोड करतच न्हाई.”

बायकोनं कप खाली ठेवला. ती बाई आत गेल्यावर मी विचारलं, “कधीपासून कळत नाही तुला?”

“पहिल्यापासून. गार तेवढं कळतंय.”

“मग वालूरला आठ कसे दिलेस?”

“तुमचं तोंड बघून. एवढी वर्षं तेच बघून तर भाजीत मीठ टाकत आले. आज तुमी समोर नव्हता, म्हणून चुकलं.”

चुकलं म्हणाली ती. मला रडू आलं, आणि टपरीवरच्या लोकांसमोर ते आवरायलाही जमलं नाही.

येताना स्कूटी हळू घेतली. विचारलं, “चव होती तेव्हा तुला स्वतःला काय आवडायचं गं?”

तिनं तोंडावरचा रुमाल नीट केला. मग म्हणाली, “तुमाला भरीत आवडायचं, तिखट कमी.”

“तुझं विचारतोय.”

घरापाशी उतरताना म्हणाली, “न्हाई आठवंना बगा.”

मलाही सांगता आलं नाही. दुसऱ्या दिवशी ती झोपलेली बघून तिच्या थोरल्या बहिणीला फोन केला. तिला एक क्षणही लागला नाही.

“आंबट दही. लहानपणी वाडगं चाटूनपुसून खायची. तुमाला चालत न्हाई म्हणून सोडलं तिनं.”

मी आयुष्यात पहिल्यांदा दूध विरजलं. दोन दिवस फ्रीजबाहेर ठेवलं, आंबट ढाण होईपर्यंत. माझ्या जिभेला चरका बसला. वाटीभर गोठवलं, दुपारी तिला उशीला टेकवून बसवलं आणि चमच्यानं भरवलं. कुठून आणलं, ते सांगितलं नाही. तिनं डोळे मिटून दही बराच वेळ तोंडात धरलं, या गालातून त्या गालात फिरवलं. मी चमचा हातात धरून वाट बघत राहिलो.

“गार हाय,” ती म्हणाली.