बिब्ब्याचा डाग आणि गोदावरी सिस्टर

मी माझ्या हातानं पोटच्या पोरीच्या तोंडाला बिब्बा लावला. वेड लागलं नव्हतं, चांगली शुद्धीवर होते. शिवाय आठवी पास. लहानपणी हातपंपावर आपटल्याची तांदळाएवढी खूण शोभाच्या हनुवटीवर होती. चौऱ्याण्णव साली वसमतचे पाहुणे तिला बघायला यायचे ठरले आणि ती खूण मला भोपळ्याएवढी दिसायला लागली. माझ्या टाचांच्या भेगा बिब्ब्यानं भरत. टाचेसारखी राठ जागा ऐकते, तर हनुवटी का ऐकणार नाही? असं माझं शास्त्र. बिब्बा सुईला टोचून दिव्यावर धरला आणि तेलाचा थेंब खुणेवर टेकवला. दोन दिवसांत हनुवटी फोडांनी भरली, डोळे सुजून मिटले. पाहुण्यांना निरोप धाडला, पोरीला गोवर आलाय.

आमच्या हट्टा गावच्या सरकारी दवाखान्यात तेव्हा गोदावरी सिस्टर होत्या. ठेंगण्या, काळ्यासावळ्या, चालताना चपला फटफट वाजवणाऱ्या. त्यांनी शोभाचं तोंड खिडकीकडं वळवलं, बराच वेळ पाहिलं आणि काय लावलं ते विचारलं. मी म्हटलं, काही नाही, किडा चावला असेल.

"कोणत्या झाडावरचा व्हता बाई, किडा?" त्या म्हणाल्या. मी पदर तोंडाला लावला.

जखम महिन्यात भरली. पण तिथं तांबडा-जांभळा, टणक वळ उठला. दिवसभर खाजायचा, हसताना ताणला जायचा. शोभानं कॉलेज सोडलं. ओढणी नाकापर्यंत आली. माझ्याशी तर बोलणंच बंद. भाजीत मीठ कमी असलं तरी ते वडिलांमार्फत कळायचं.

गावानं उपाय सुचवले: लिंबू, टूथपेस्ट, बटाट्याचा रस. सिस्टरनी सगळ्यांना एकच विचारलं, "तोंड हाय का भाजी?" मग सुट्टीच्या दिवशी आम्हा दोघींना एसटीत घालून नांदेडला कातडीच्या डॉक्टरांकडं नेलं. दर महिन्याला वळात बारीक सुईचं इंजेक्शन ठरलं. वर सिलिकॉनची पट्टी, तीच रोज धुऊन पुन्हा लावायची. ऊन टाळायचं. कुणीतरी हैदराबादच्या लेझरचं नाव काढलं, तर सिस्टरनी तेही डॉक्टरांना विचारून घेतलं. ते म्हणाले, इतक्यात नको. मी मात्र दर खेपेला एकच विचारायची, डाग जाईल ना? सिस्टर म्हणायच्या, "आधी मऊ व्हईल, मग सपाट, मग फिका. पार जाईल म्हणणारा खोटं बोलून राहिला, असं समजा."

त्यांचं एक काम मी आजही विसरत नाही. नव्या साडीच्या पिशवीचं पारदर्शक प्लास्टिक त्या हनुवटीवर धरत आणि बॉलपेननं वळाची कड उतरवून घेत. खाली तारीख. पुढल्या महिन्याचं प्लास्टिक आधीच्यावर ठेवलं की केसभर फरक दिसायचा. आरशाला जे दिसत नव्हतं ते या बाईला दिसत होतं. मी तर देव्हाऱ्यात बघावं तसं त्या पिशवीकडं बघत बसायची.

मालिशचं काम त्यांनी मला लावलं. सकाळ-संध्याकाळ दहा मिनिटं, खोबरेल तेलाचं बोट वळावर गोल फिरवायचं. शोभानं मान फिरवली. मीही तेलात बुडवलेलं बोट तसंच धरून बसले. ज्या हातानं जाळलं त्याच हातानं कसं शिवू? सिस्टर स्टूल ओढून मध्ये बसल्या आणि दहा मिनिटं होईपर्यंत हलल्या नाहीत. आठवडाभर त्या अशा घरी येत राहिल्या. नंतर आम्ही दोघीच. ती भिंतीकडं बघायची, मी तिच्या हनुवटीकडं. चौथ्या आठवड्यात एका सकाळी ती म्हणाली, "आई, जरा डावीकडं. तिथं खाजून राहिलं." मी डावीकडं बोट नेलं. दहाची वीस मिनिटं झाली तरी तिनं थांबवलं नाही.

दीड वर्षात वळ सपाट झाला. फिकट सावली तेवढी उरली, ती आजही आहे. शोभा ओढणी गळ्यात टाकून कॉलेजला जायला लागली.

पुढं सिस्टरची बदली कनेरगाव नाक्याकडं झाली. त्यांना बसवून द्यायला मी स्टँडवर गेले. गाडी लागली तेव्हा मनात अडकलेलं विचारून टाकलं: मालिश तर शोभाला स्वतःला येत होती, मग मलाच काहून लावलं?

त्यांनी पिशवी मांडीवर घेतली आणि खिडकीतून म्हणाल्या, "येत व्हती की. पण पोरगी तुमच्याशी बोलून राहिली नव्हती बाई. त्याचं इंजेक्शन नांदेडात भेटत न्हाई."