लीलाबाईचा उजवा कान

लीलाबाईच्या उजव्या कानाची पाळी नऊ वर्षं दोन तुकड्यांत लोंबत होती. नाचणगावात कोणी विचारलंच तर ती सांगायची, पोरगा धीरज कडेवर होता, त्याने झुमका ओढला. धीरज तेव्हा आठ वर्षांचा होता, आणि आठ वर्षांच्या पोराला कोणी कडेवर घेत नाही, हे विचारणारीलाही कळायचं. पण तेल-साखर तिच्या नवऱ्याच्या, मधुकररावांच्याच दुकानातून आणायची, म्हणून पुढे कोणी बोलत नसे.

झुमका मधुकररावांनी ओढला होता. न विचारता माहेरी निरोप धाडला, एवढंच कारण. झुमक्याला काही झालं नाही. त्यांनी तो धुतला, दुकानातल्या काट्यावर तोलला आणि पेटीत ठेवून दिला.

त्यानंतर सासूने, रुख्माबाईंनी, घरात नियम काढला. बुच्या, म्हणजे दागिना नसलेल्या कानाच्या बाईने कोणाची ओटी भरायची नाही, ओवाळायचं नाही. हळदीकुंकवाला धाकटी जाऊ पद्मा पुढे, आणि लीलाबाई चुलीवरच्या चहाच्या गंजापाशी. लीलाबाईने हेही अंगवळणी पाडून घेतलं. पदर उजवीकडून जरा जास्त ओढला की झालं.

मग अठ्ठ्याण्णव साली, संक्रांत झाल्यावर, लेकीचं, रक्षाचं लग्न जमलं. पोरगी बी.कॉम. झालेली, स्थळ हिंगणघाटचं, मुलगा बँकेत. तिथी वैशाखातली निघाली. सोयरे वाटेला लागले तसं रुख्माबाईंनी पान लावता लावता सांगून टाकलं, "कन्यादानाले पद्मा बसन. बुच्या कानाची माय पाटावर नाई चालत."

त्या रात्री लीलाबाईला झोप आली नाही. एकुलती एक लेक. तिचा हात दुसऱ्याच्या हातात द्यायचा, तर तो आपल्या हातून द्यावा, एवढीच तिची मागणी होती.

सरकारी दवाखान्यात गुरुवारी बारीक ऑपरेशनं होत. गळू, भोवरी, चरबीच्या गाठी, फाटलेले कान. लीलाबाई पहिल्याच गुरुवारी जाऊन बाकावर बसली. नर्स शकुंतलाबाईंनी कान हातात धरून पाहिला.

"कसा फाटला वं?"

"पोरानं ओढला."

"मोठं ताकदीचं पोरगं हाय तुह्यं," शकुंतलाबाई म्हणाल्या आणि कापूस स्पिरिटमध्ये बुडवला.

सुई टोचली तेव्हा लीलाबाईने टेबलाची कड धरली. डॉक्टरांनी पाळीच्या दोन्ही कडा जराशा खरवडून ताज्या केल्या आणि बाहेरून-आतून मिळून सहा टाके घातले. वीस मिनिटांत काम झालं. निघताना शकुंतलाबाईंनी बजावलं, "तीन महिने भोक पाडायचं नाई. अन् मंग पाडशीन तं शिवलेल्या जागेवर नाई, बाजूले. शिवलेली जागा कच्चीच राह्यते."

लीलाबाईने बोटांवर मोजलं. वैशाखाला तीन महिने पुरेपूर होते.

घरी येऊन तिने एक चूक केली. आनंदाच्या भरात तिने हे सगळं सासूला सांगितलं.

"तीन महिने का?" रुख्माबाईंनी विचारलं. मान वाकवून त्यांनी कान नीट पाहिला. "बरा शिवला."

आठवड्याने टाके निघाले. त्याच आठवड्यात रुख्माबाईंनी हिंगणघाटला सांगावा धाडला की वैशाखात पाण्याचे हाल होतात, फाल्गुनातली तिथी धरा. सोयऱ्यांना ते पटलं. कोणालाही पटलं असतं. लग्न पाच आठवड्यांवर आलं.

"आत्याबाई, माह्या कानाले तीन महिने..."

"तुह्या कानासाठी काय आता गावची विहीर भरून ठेवू?"

"मंग चापाचे घालते ना मी. दिसाले सारखेच दिसते."

"घाल! सोयऱ्याइले कळू दे, दुकानदाराची बायको खोटं घालते म्हणून."

लीलाबाईने नवऱ्याकडे पाहिलं. मधुकरराव पत्रिकांवर नावं घालत होते. "आई म्हणते तसं कर," ते मान वर न करता म्हणाले. "नाई तं पद्मा हायेच."

लग्नाच्या चार दिवस आधी ती सोनाराकडे गेली. सोबत रुख्माबाई. भैयाजी सोनारालाही कान पाहून धीर होईना. "बाजूले पाडतो, वैनी," तो म्हणाला.

"बाजूले झुमका तिरपा दिसते." रुख्माबाईंनी शिवणीवर नख टेकवलं. "इथं पाड. मधात."

लीलाबाईने डोळे मिटले आणि मान पुढे केली.

लग्नाच्या दिवशी कान जांभळासारखा सुजला होता. झुमका आत जाईना, तेव्हा तिने तेल लावून, दात आवळून तो स्वतःच सारला. शालू नेसून ती मधुकररावांच्या शेजारी पाटावर बसली. कान ठणकत होता, तरी नऊ वर्षांत पहिल्यांदा तिचा पदर उजवीकडून मागे होता. रक्षाचा मेंदीचा हात तिच्या ओंजळीपाशी होता. भटजींनी पाणी सोडायला सांगितलं आणि ती वाकली. शिवण उसवली. झुमका परातीत पडला आणि त्याच्यामागोमाग रक्ताचे थेंब.

"अवं मांय! मांडवात रक्त!" रुख्माबाई ओरडल्या. "ऊठ! ऊठ आधी!"

लीलाबाईने पदराने कान दाबून धरला. "एक मिनिट, आत्याबाई. तेवढं पाणी सोडू द्या. मंग उठते."

भटजी थांबले. मधुकरराव समोर बघत राहिले. लीलाबाईने लेकीकडे पाहिलं. आता ही म्हणेल, बसू द्या माह्या आईले. व्हिडिओवाल्याचा दिवा रक्षाच्या तोंडावर होता. मुंडावळ्या सरळ करत ती हळूच म्हणाली, "आई, ऊठ ना वं. शूटिंग चालू हाय."

लीलाबाई उठली. परात बदलली. दीर आणि पद्मा पाटावर बसले.

ती मागच्या अंगणात, न्हाणीच्या दगडावर, कानाला फडकं लावून बसून राहिली. मांडवात वाजंत्री वाजली, थांबली. माणसांची पंगत उठली. मग रुख्माबाई मागच्या दारात आल्या.

"भांडेवाल्या बाया कमी पडून राह्यल्या. बसून काऊन हायेस? ताटं घासाले रक्ताचं काई नाई."

उष्टी ताटं तिच्यापुढे आणून रचली. लीलाबाईने एका हाताने कान धरला आणि दुसऱ्याने ताट ओढलं. एका हाताने ताट घासता येईना, तेव्हा तिने कानावरचा हात काढला.