सैल कड्यांच्या चाळीस पटाश्या

सुतारकाम शिकवणाऱ्या त्या शाळेत भिंगाखालून गेल्याशिवाय कुठलीही वस्तू रॅकवर चढत नसे. मग तो रंधा असो, खिळ्यांचं पुडकं असो, नाहीतर साहेबांच्या टेबलावर जायची पेन्सिल असो. भिंग स्टोअरकीपर बाईंचं. ते काळ्या दोरीनं त्यांच्या गळ्यात लटकलेलं असे आणि त्यापायी सगळी शाळा त्यांना भिंगबाई म्हणे. तोंडावर अर्थात नुसतं बाई. एकतीस वर्षं त्यांनी खिडकीमागं बसून माल घेतला आणि त्याहून जास्त माल परत पाठवला. विक्रेते त्यांना टरकून असत. छोटा असो की बडा, कुणाकडून त्यांनी कधी साधं कॅलेंडरसुद्धा घेतलं नव्हतं.

स्टोअरच्या कपाटात एक चूक-वही होती. स्टोअरकीपरच्या हातून काही चुकलं तर त्यानं स्वतःच्या अक्षरात, तारीख घालून त्यात लिहायचं, असा जुना नियम. भिंगबाईंची वही एकतीस वर्षं कोरी होती. दर वर्षी तपासणीला येणारा अधिकारी ती चाळायचा, भुवया उंचावायचा आणि पहिल्या पानावर सही ठोकून जायचा. एकाखाली एक अशा तीस सह्या झाल्या होत्या. या सह्यांचा बाईंना अभिमान होता आणि तो त्या लपवायच्याही भानगडीत पडत नसत.

पण बाई नुसत्या खडूस होत्या असं कुणी म्हणेल तर ते खोटं. त्यांना खरी खोड होती ती चौकशीची. घरी त्या आणि त्यांची धाकटी नणंद, अशा दोघीच. नवी इस्त्री घरात आली की वहिनी ती आधी उघडणार, आतल्या तारा बघणार, पुन्हा बंद करणार, आणि मग दोघींचे कपडे चुरगळलेले आहेत हे त्यांच्या लक्षात येणार. नणंद म्हणायची, आमच्या वहिनीला डॉक्टरनं गोळी दिली तर ही आधी ती कापून बघेल.

त्या वर्षी शाळेनं जपानी पटाश्या घ्यायचं ठरवलं. पटाशी म्हणजे लाकडात खाच पाडायचं, हातोड्यानं ठोकून चालवायचं हत्यार. सुतारमास्तर सात वर्षं त्यांच्यासाठी अर्ज करत होते. तरुणपणी त्यांच्या उस्तादांकडे तशी एकच पटाशी होती, ती कुणाला हात लावू देत नसत, आणि मास्तरांनी ती फक्त पुसली होती. तेवढ्या पुसण्यावर त्यांचं प्रेम जडलं होतं. आता मंजुरी आली तर नेमकं मास्तरांच्या गुडघ्याचं ऑपरेशन निघालं आणि ते दोन महिने रजेवर गेले. खरेदी सगळी बाईंच्या गळ्यात पडली. त्यांना ती गळ्यात पडल्यासारखी वाटलीच नाही, ही गोष्ट वेगळी.

जपानी हत्यारांचे आपणच एकमेव अधिकृत वितरक, असं छातीठोकपणे सांगणारे तिघे निघाले. एकमेव असे तिघे कसे, या प्रश्नानं बाईंच्या जिवाला चैन पडेना. सुट्टीच्या दिवशी छत्री घेऊन त्या तिघांचे पत्ते शोधत निघाल्या. पहिल्या पत्त्यावर दातांचा दवाखाना होता. तिथल्या बाईनं त्यांना नंबर लावून बसवलं, आणि आपण दाढेसाठी आलेलो नाही हे पटवण्यात पाऊण तास गेला. दुसरा पत्ता म्हणजे काचेची मोठी शोरूम. तिथं थंडगार हवा होती, पटाश्या मखमलीवर मांडल्या होत्या, आणि ही कुठल्या पोलादाची असं विचारल्यावर शोरूमवाला म्हणाला, जपानी पोलादाची. तिसरं दुकान एका इमारतीच्या जिन्याखाली होतं. आत एक वयस्क गृहस्थ, एक स्टूल आणि छतापर्यंत चढलेले खोके. बाईंनी तिथं वीस प्रश्न विचारले आणि वीस उत्तरं मिळाली. पात्याच्या पाठीला खळगा का, याचं उत्तर तर त्या गृहस्थांनी काचेच्या तुकड्यावर पटाशी ठेवून दाखवलं: पाठ मधे खोलगट असली की कडाच तेवढ्या टेकतात आणि धार सपाट लावायला सोपं जातं. भिंतीवर कंपनीचं पत्रही होतं, बाईंनी त्याच्या शिक्क्याला भिंग लावून खात्री केली. घरी येऊन त्यांनी नणंदेला खळग्याची गोष्ट जेवण होईपर्यंत सांगितली. ऑर्डर जिन्याखाली गेली.

पंधरवड्यानं चाळीस पटाश्या आल्या. बाईंनी पहिला डबा उचलला आणि आत काहीतरी खुळखुळलं. उघडून बघतात तर दांड्याच्या टोकाला जे लोखंडी कडं असतं, हातोड्याचे घाव खाऊन लाकूड फाटू नये म्हणून घातलेलं, ते सैल. बोटानं निघत होतं. दुसऱ्या डब्यातलंही तसंच. चाळीसच्या चाळीस सैल. प्रत्येक डब्यात जपानीत छापलेला एकेक कागदही होता, त्यावर चार चित्रं. डब्यात सुटे कागद ठेवायचे नाहीत हा बाईंचा शिरस्ता. त्यांनी चाळीसही कागद काढले, वरवर बघितले, कडं निखळलं तर दुरुस्ती कशी करायची ते दिसतंय असं ठरवलं, आणि 'इतर कागद' या फायलीत लावून टाकले. चौकशीची खोड असलेल्या बाईनं त्या दिवशी चौकशी केली नाही. का, तर माल सदोष आहे याची तिला खात्री होती. खात्री झाली की भिंगसुद्धा आंधळं होतं.

जिन्याखालचे गृहस्थ स्वतः आले. ते म्हणाले, कडी तशीच सैल येतात, ज्याचं हत्यार त्यानं ती बसवायची असतात. बाईंनी असल्या सबबी आयुष्यभर ऐकल्या होत्या.

"अर्धवट माल विकायचा आणि उरलेलं काम गिऱ्हाइकानं करायचं?" त्या म्हणाल्या. "मग चपलेला अंगठाही आम्हीच लावून घेऊ का?"

गृहस्थांनी वाद घातला नाही. परत घेतलेले डबे त्यांनी एकावर एक रचले, दोरीनं बांधले आणि जाताना एवढंच म्हणाले, "बाई, तुमची विक्रेत्यांची यादी अकरा शाळांना जाते. त्यातून नाव गेलं तर वर्षअखेरीस कंपनी माझ्याकडून वितरण काढून घेईल. एवढं असू द्या ध्यानात."

बाईंच्या ते ध्यानात होतं. तरी त्यांनी यादीत त्यांच्या नावापुढं 'सदोष माल, ऑर्डर देऊ नये' असा शेरा मारला, कारण दया आणि स्टोअर या दोन गोष्टी एकत्र चालत नाहीत असं त्यांचं मत होतं. चाळीस पटाश्या शोरूममधून आल्या. एकही डबा खुळखुळला नाही.

मास्तर काठी टेकत कामावर आले तेव्हा बाईंच्या निवृत्तीला सहा आठवडे राहिले होते. नवी पटाशी हातात घेताना त्यांचे डोळे लग्नाच्या मुलासारखे चमकत होते. तिसऱ्या दिवशी ते खिडकीशी आले आणि त्यांनी तीन सुटी कडी आणि एक चिरलेला दांडा बाईंच्या पुढ्यात ठेवला. बाईंनी भिंग लावलं. कड्याच्या आत वाळलेला पिवळा डिंकासारखा थर दिसला. शोरूमवाल्यानं कडी चिकटवून पाठवली होती.

"डिंकाचं सोडा," मास्तर म्हणाले, "यात हातोडा लाकडावर बसतच नाही, कड्यावर बसतो. उस्तादांच्या पटाशीला लाकूड कड्याच्या वर आलेलं होतं. वरून पसरलेलं, अळंबीसारखं. ते कसं करायचे, मला कधी कळलं नाही."

बाई उठल्या आणि 'इतर कागद' फाईल काढली. चार चित्रं. या वेळी त्यांनी ती अशी बघितली, जशी त्या इस्त्री बघत. पहिल्या चित्रात एक हात नव्या पटाशीचं कडं काढून घेत होता. कडं निखळलेलं नव्हतं, हातानं काढलेलं होतं. दुसऱ्यात कड्याच्या आतली बाजू कानशीनं घासली जात होती. तिसऱ्यात दांड्याचं टोक हातोडीनं चहूबाजूंनी हलकं ठोकून बारीक केलं जात होतं. चौथ्यात कडं खाली गेलेलं, लाकूड बोटभर नाही पण नखभर वर आलेलं, आणि बाजूला पाण्याचा थेंब.

दुपारी दोघांनी कार्यशाळेच्या कोपऱ्यातल्या बाकावर ते करून बघितलं. डिंक खरवडला, कडं आतून घासलं, दांड्याचं टोक ठोकून चेपलं. कडं खाली सरकलं. वर आलेलं लाकूड मास्तरांनी ओलं केलं आणि बाईंनी हातोडी घेतली. हळूहळू लाकूड कड्यावर पसरत गेलं. मग बाईंनी कडं ओढून बघितलं, पिळून बघितलं, दारात अडकवून बघितलं. ते जागचं हललं नाही. प्रत्येकाचा दांडा वेगळा, ठोकण्याची ताकद वेगळी, म्हणून शेवटचं काम ज्याच्या त्याच्या हातावर सोडलेलं. बाईंना इतका आनंद झाला की त्या मास्तरांना म्हणाल्या, अजून एक करू. दुसरं कडं बसवता बसवता त्यांना जिन्याखालचे गृहस्थ आठवले आणि हातोडी हातातच राहिली.

यादी दुरुस्त करायला त्या ऑफिसात गेल्या. कारकुनानं नियम काढून दाखवला: शेरा मागे घ्यायचा तर चूक-वहीत नोंद हवी, स्टोअरकीपरच्या अक्षरात, कारणासकट. त्यानं आपुलकीनं सल्लाही दिला की सहा आठवड्यांसाठी वही कशाला खराब करता, नवीन माणूस येईल तो बघून घेईल. नवीन माणूस येईपर्यंत वर्ष संपलं असतं, आणि जिन्याखालचं वितरणही.

बाईंनी लगेच वही उघडली असं सांगायला मला आवडलं असतं. त्यांनी दोन दिवस लावले. वही घरी आणली, टेबलावर ठेवली, तिच्याभोवती फेऱ्या मारल्या. कारण शोधलं: कागद जपानीत होता. दुसरं शोधलं: मास्तर रजेवर होते. नणंद भाजी निवडत हे सगळं ऐकत होती.

"वहिनी," ती शेवटी म्हणाली, "दुसऱ्याची चूक लिहिताना तुझं पेन कधी असं अडलं का गं?"

बाई तिच्यावर चिडल्या. चहा न घेता आत गेल्या. सकाळी उठून त्यांनी पेन घेतलं आणि तीस सह्यांच्या पुढच्या पानावर लिहिलं: 'कडी सदोष नव्हती. ती कशी बसवायची ते डब्यातल्या कागदावर दाखवलं होतं. तो कागद मी काढून ठेवला आणि विक्रेत्याचं ऐकलं नाही. चूक माझी.' जपानी भाषा आणि मास्तरांचा गुडघा या दोघांचाही त्यात उल्लेख नव्हता.

दुरुस्त यादी अकरा शाळांना पोचती करून त्या जिन्याखाली गेल्या. गृहस्थ स्टुलावर बसून एका पटाशीचं कडं ठोकत होते. शेजारी परत गेलेले चाळीस डबे. एकतीस झालीत, ते म्हणाले, रोज जमेल तशी बसवतो. आता ज्याला दाखवीन त्याला सैल दिसायला नकोत. बाईंना तिथं उभं राहवेना. आपल्या एका शेऱ्यामुळं हा माणूस महिना-दीड महिना दुसऱ्यांच्या वाटणीचं काम करत बसला होता. त्यांनी सरळ सांगून टाकलं की मी चुकले.

"तुम्ही तेव्हा अजून जोरात का नाही सांगितलंत?" त्यांनी विचारलं.

"तुमच्याकडे भिंग होतं, बाई," ते म्हणाले. "माझ्याकडे नुसतं तोंड."

मग त्यांनी खोक्यावरची धूळ झटकून बाईंना बसायला जागा केली. कंपनीचं पत्र आलं होतं, ऑर्डरी आणायला वर्षअखेरपर्यंतची मुदत दिली होती. दुरुस्त यादी गेल्यावर चार शाळांकडून विचारणा आली, पुढं आणखी दोन. वितरण राहिलं. उरलेल्या नऊ पटाश्यांना मात्र बाईंनी हात लावू दिला नाही. त्या सैल कड्यांसकट शाळेनं घेतल्या, आणि पहिल्या तासाला कडं बसवायचं कसं ते मास्तर शिकवू लागले.

निरोपाचा कार्यक्रम कार्यशाळेतच झाला. तपासणी अधिकाऱ्यानं चूक-वहीतली एकुलती एक नोंद सगळ्यांसमोर वाचली आणि तिच्याखाली सही केली. ही सही इतर तिसांपेक्षा जरा मोठी आली होती. बाई खाली मान घालून बसल्या होत्या. शेवटी जिन्याखालचे गृहस्थ मागून पुढं आले आणि त्यांनी कागदात गुंडाळलेला एक लांबट डबा पुढं केला. बाईंनी सवयीनं हात मागं घेतला.

"पाच वाजून गेलेत," ते म्हणाले. "तुम्ही आता स्टोअरकीपर नाही."

बाईंनी डबा घेतला. आत खुळखुळलं.

"माल कसा आहे, बाई?" मास्तरांनी विचारलं.

भिंग गळ्यातच राहिलं. त्यांनी डबा कानाशी नेऊन पुन्हा एकदा हलवला.

"कडं सैल आहे," त्या म्हणाल्या. "म्हणजे माझ्यासाठीच आहे. घेते."