हा म्हातारा कुणाचा?

औंधाच्या पलीकडं, माळावरच्या एका गावात आकाराम मास्तर जत्रेचं नाटक बसवायचे. मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, नाटकाच्या तालमीतले. थोडं जिराईत रान आणि हे वेड, एवढाच त्यांचा संसार उरला होता. लेक पाटणला दिलेली. बायको, तानुबाई, लढाईच्या सालात तापानं गेली. कुणी विचारलं, "मास्तर, एकट्याला करमतं का?" की ते फणकारायचे, "मला काय धाड भरलीया? सवय झाली."

त्यांची तालीमही जगावेगळी. कसं चालायचं, कसं रडायचं, हे मेले तरी करून दाखवायचे नाहीत. "माज्याकडं काय बघतोस? गावात बघ. एक माणूस धर, त्याच्या मागं मागं ऱ्हा, आन् मग ये." माणूस कोण ते नटानं सांगायचं नाही. मास्तरांनी ओळखला तर पार्ट पक्का, नाही तर पार्ट दुसऱ्याला. एकदा गुंडा नावाच्या नटानं कजाग बाईचा पार्ट असा केला की मास्तर ओरडलेच, "आरं, ही तर तुजी सासू, मनुबाई!" पुढं कितीतरी दिवस मनुबाईनं जावयाला दारात उभं केलं नाही. पण नाटक काय रंगलं म्हणता!

सेहेचाळीस साली नाटकात एक म्हातारा होता, बायको मेलेला. सगळं नाटक त्याच्यावर उभं. तो पार्ट मास्तरांनी ज्ञानूला दिला. ज्ञानू पलटणीतून नुकताच परत आलेला, मास्तरांच्या घरासमोरच राहणारा, अबोल गडी. मुलूखभर फिरून आलेल्या त्या माणसाचं गावात कशात मन लागत नव्हतं, पण ह्या पार्टासाठी मात्र जीव टाकत होता.

अमावास्येला औतं बंद, म्हणून दुपारीच देवळाच्या ओवरीत तालीम बसली. ज्ञानू रानातून दमून आल्यासारखा आला. मोकळ्या जागेतच दार असल्यागत थांबला. घरातल्या बाईला चाहूल लागावी म्हणून गडीमाणूस दाराशी खाकरतो, तसा खाकरला. वाट बघत उभा राहिला. मग करदोड्याची किल्ली सोडून कुलूप काढल्यासारखं केलं.

"थांब!" मास्तर कडाडले. "खोटं हाय ह्ये! कुलूप त्यानं सोताच लावलंय न्हवं? आत चिटपाखरू न्हाई. मग खाकरतोय कुणासाठी?"

ओवरीतल्या सगळ्यांनी माना खाली घातल्या.

"असा येडा आपल्या गावात मला तरी ठावं न्हाई."

"हाय, मास्तर," ज्ञानू खाली बघत म्हणाला.

"न्हाई! मी वळखला न्हाई. पार्ट गुंडाचा."

एरवी पार्टासाठी भांडणारा गुंडा, पण त्यानंही मान वर केली नाही. मास्तरांना त्याचाच जास्त संताप आला. धोतराचा सोगा सावरत, तोंडानं बडबडत ते घराकडं निघाले. ह्या पोरांना कितीही शिकवा, पालथ्या घड्यावर पाणी!

दाराशी आले. खाकरले.

आणि तसेच उभे राहिले. किल्लीकडं गेलेला हात तिथंच थांबला. पूर्वी ते खाकरले की तानुबाई चुलीपुढनं उठायची, बांगड्या वाजायच्या, कडी निघायची. ती गेल्यापासून ते रोज खाकरत होते आणि सगळी आळी ते ऐकत होती. कुणी कधी हसलं नव्हतं. सवय झाली म्हणे! डोंबलाची सवय. मास्तरांना लाज वाटली, आणि इतकं एकटं वाटलं की ते दारातच बसले आणि भर दुपारी ढसाढसा रडले.

ऊन कलल्यावर ते देवळात परत आले. मंडळी अजून तशीच बसून होती. ज्ञानू उठून उभा राहिला.

"वळखला," मास्तर म्हणाले. "पार्ट तुजाच."

ते आपल्या जागेवर टेकले. मग म्हणाले, "पर एक चुकतंय. किल्ली लय लवकर काढतोस, गड्या. म्हातारा अजून थांबतोय. आतनं दार उघडंल, असं त्याला रोज वाटतंय."